फुकटच्या दाताच्या कॅम्पमध्ये नेमकं होतं काय आणि मागे उरतं काय

आधी एक गोष्ट क्लिअर करते, भारतात दातांच्या डॉक्टरांची कमी नाहीये. बहुतेकांना उलटं वाटतं. देशात ३०० च्या वर डेंटल कॉलेजं आहेत, दरवर्षी वीस हजारांच्या वर पोरंपोरी बीडीएस होऊन बाहेर पडतात, आणि पुण्यात किंवा नागपुरात कुठल्याही बऱ्यापैकी रस्त्यावर उभं राहिलात तर दातांच्या दवाखान्याच्या दोन-तीन पाट्या एका नजरेत दिसतील, त्यातले काही डॉक्टर दुपारी रिकामेच बसलेले असतात हेही खरंय. पण तेच भामरागड, धडगाव नाहीतर धारणीच्या आतल्या एखाद्या गावातून निघालात तर दुखणारी दाढ कुणाला दाखवायची हाच प्रश्न. प्राथमिक आरोग्य केंद्रात डेंटिस्ट सहसा नसतो, तो भेटला तर ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात, म्हणजे एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडणार, सोबत येणाऱ्याचीही बुडणार, आणि तिथं गेल्यावर खुर्ची बंद असेल तर सगळंच मुसळ केरात.

मग खासगी डॉक्टर तिकडे का जात नाहीत असं लोक चिडून विचारतात. अहो, दाताचा दवाखाना म्हणजे नुसतं टेबल आणि स्टेथोस्कोप नसतो, खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह, आणि या सगळ्याला सलग लाईट आणि पाणी पाहिजे, त्यावर लोन असतं, आणि ते फेडायला रोज पैसे देणारा पेशंट पाहिजे. सरकारी विमा योजना मुख्यतः ॲडमिट होण्याच्या मोठ्या आजारांसाठी आहेत, तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन त्यात बसतं पण दाढेत सिमेंट भरायचा खर्च खिशातूनच. म्हणजे गावाकडे गरज आहे पण पैसा नाही आणि शहरात डॉक्टर आहेत पण पेशंट त्यांच्यात वाटले गेलेले, आणि या दोघांच्या मधली फट भरायला जे काही उभं राहतं त्याला आपण म्हणतो फ्री डेंटल कॅम्प.

ही फक्त आपलीच रड आहे असं नाही. अमेरिकेत रिमोट एरिया मेडिकल नावाची संस्था आहे, स्टॅन ब्रॉक नावाच्या माणसाने १९८५ मध्ये काढलेली. हा मूळचा ब्रिटिश, टीव्हीवर जंगली प्राण्यांच्या कार्यक्रमात दिसायचा. दक्षिण अमेरिकेतल्या दुर्गम भागात डॉक्टर पोचवायचे अशी त्याची मूळ कल्पना होती, पुढे खुद्द अमेरिकेतच एवढी गरज दिसली की बहुतेक कॅम्प तिथेच व्हायला लागले. लोक आदल्या रात्रीपासून गाड्या लावून झोपतात, पहाटे नंबर वाटले जातात, आणि सगळ्यात लांब लाईन दातांची आणि चष्म्याची. कारण सोपंय, तिकडे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा सुद्धा दातांची रोजची कामं बहुतेक धरतच नाही. म्हणजे जगभर दात हे शरीराच्या बाहेरचं काहीतरी आहे अशाच हिशोबाने योजना बनल्यात. डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये सांगितलेला आकडा साधारण ३५० कोटी लोकांचा आहे, एवढ्यांना तोंडाचा काही ना काही आजार आहे, आणि त्यातले चारपैकी तीन जण मधल्या उत्पन्नाच्या देशांत राहतात.

आता कॅम्पमध्ये काय होतं ते बघू, पण त्याआधी दात किडतो कसा हे दोन वाक्यांत. दातात किडा वगैरे नसतो. दातावर जंतूंचा चिकट थर असतो, आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की ते जंतू त्यातून ॲसिड बनवतात, त्या ॲसिडने दाताच्या वरच्या कडक आवरणातलं कॅल्शियम निघायला लागतं, आणि लाळ ते हळूहळू परत भरत असते, ही ओढाताण दिवसभर चालू असते. दिवसात दोन-तीनदा खाल्लं तर लाळ जिंकते, दर तासाला गोड चहा-बिस्किट चाललं तर ॲसिड जिंकतं. फ्लोराईड लाळेच्या बाजूने काम करतं म्हणून पेस्टमध्ये ते लागतं. खड्डा पडून आतल्या नसेपर्यंत पोचायला बऱ्याचदा वर्षं लागतात, आणि माणूस डॉक्टरकडे येतो ते नस दुखायला लागल्यावर. तोपर्यंत साधं सिमेंट भरायची वेळ निघून गेलेली असते.

हेच कॅम्पचं पहिलं दुखणं. समजा दोन डॉक्टर आहेत, दहा ते चार कॅम्प आहे आणि दीडशे लोक आलेत. दोघांचे मिळून ७२० मिनिटं, म्हणजे माणशी पाच मिनिटं पण नाहीत, आणि यात जेवण, नाव लिहिणं, पुढाऱ्याचं भाषण धरलेलं नाही (भाषण असतंच, आणि सत्कारही). रूट कॅनॉलला एक्स-रे लागतो, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास बसावं लागतं, बऱ्याचदा परत बोलवावं लागतं, वर कॅप बसवायची वेगळीच. ते कॅम्पमध्ये होणं जवळपास अशक्य. मग उरतं काय, दात काढणं. एकाला सुन्न व्हायचं इंजेक्शन द्यायचं, तो बाजूला बसला की दुसऱ्याला द्यायचं, तोपर्यंत पहिल्याचा काढायचा, अशी साखळी लावली की दिवसात बरेच होतात. पेशंटही तेच मागतो. ‘डॉक्टर, काढूनच टाका एकदाचा, परत कोण येतंय.’ आणि खरं सांगायचं तर त्या माणसासाठी तो निर्णय चुकीचा असतोच असं नाही, दोन महिने रात्री झोप नसलेल्या माणसाला दात वाचवायचं लेक्चर देणं हा शहरी शहाणपणा झाला. पण पंचविशीतल्या पोरीची जी दाढ दोन वर्षं आधी दहा मिनिटांच्या कामात वाचली असती ती आज काढावी लागते, आणि कॅम्पच्या रिपोर्टमध्ये ती ‘लाभार्थी’ म्हणून मोजली जाते, हे मला खटकतं.

दुसरी अडचण लोकांना दिसत नाही कारण ती टेबलाच्या मागे असते. हत्यारांचं निर्जंतुकीकरण. तोंडात रक्त असतं, आणि रक्तातून हिपॅटायटिस बी, सी पसरू शकतात, त्यामुळे एकाच्या तोंडात गेलेलं हत्यार ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालची वाफ, १२१ डिग्रीला साधारण १५ ते २० मिनिटं, पण गरम व्हायला आणि वाळायला लागणारा वेळ धरला तर एक फेरी पाऊण-एक तासाची होते. नुसतं पाण्यात उकळून काढलं म्हणजे झालं असं नाही, आणि डेटॉलच्या बादलीत बुडवून पुसून परत वापरलं तर त्या कॅम्पमधून उठून घरी जा, लाज बाळगू नका. आता समजा हत्यारांचे तीसच सेट आहेत आणि लाईट जाते-येते, तर तासाला तिसाच्या वर पेशंट होऊच शकत नाहीत, डॉक्टर दहा आणा नाहीतर वीस. डॉक्टरचा फुकटचा दिवस ही कॅम्पमधली सगळ्यात सहज मिळणारी गोष्ट आहे हो, अडतं ते हत्यारांच्या सेटवर, गॅसवर चालणाऱ्या ऑटोक्लेव्हवर आणि तो सांभाळणाऱ्या एका शांत डोक्याच्या माणसावर. जे मुरलेले लोक आहेत ते काय करतात, तर नुसती तपासणी लाकडी पट्टी आणि टॉर्चवर उरकतात, पट्टी वापरून टाकून द्यायची, आणि आरसा-प्रोबचे सेट फक्त ज्यांच्यावर काम करायचंय त्यांच्यासाठी राखून ठेवतात. एवढ्या एका गोष्टीने निम्मा गोंधळ कमी होतो.

कचऱ्याचं पण तेच. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम दवाखान्यांसारखेच कॅम्पलाही लागू आहेत. सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात, रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, आणि ते सगळं परत घेऊन जायचं, शाळेच्या मागच्या खड्ड्यात टाकून निघून यायचं नाही.

मग करायचं काय? इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात यो फ्रेंकन नावाचा डच डेंटिस्ट काम करत होता, तिथे लाईट नाही, ड्रिल चालत नाही, आणि लोकांचे दात तर किडलेले. मग ड्रिल बाजूला ठेवून हातानेच, छोट्या चमच्यासारख्या हत्याराने, मऊ झालेला किडका भाग खरवडून काढायचा आणि त्यात ग्लास आयनोमर सिमेंट बोटाने दाबून भरायचं अशी पद्धत बसवली गेली. हे सिमेंट दाताला रासायनिक पद्धतीने चिकटतं आणि वर थोडं थोडं फ्लोराईड सोडत राहतं. बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही कारण मऊ झालेला भाग दुखत नाही. ही एआरटी (ॲट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट, म्हणजे कमीत कमी इजा करून दात भरणं) पद्धत, १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनाला डब्ल्यूएचओने उचलून धरली. शाळेतला बाक हीच खुर्ची, लाईट गेली तरी काम थांबत नाही. मर्यादा आहेत, दाढेच्या फक्त वरच्या बाजूचा एकच खड्डा असेल तर छान टिकतं, दोन दातांच्या मधून कीड गेली असेल, विशेषतः दुधाच्या दाढेत, तर पडायची शक्यता बरीच. ड्रिल-खुर्चीवाल्या लोकांनी सुरुवातीला याला गरिबांचं जुगाड म्हणून नाकं मुरडली, पण आता शहरातल्या घाबरणाऱ्या लहान मुलांसाठीही हेच वापरतात.

दुसरं औषध एसडीएफ, लांबलचक नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड. जपानमध्ये १९७० च्या आसपासपासून वापरात आहे. थेंबभर औषध बारीक ब्रशने किडक्या जागेवर लावायचं, मिनिटभर थांबायचं, झालं. चांदी जंतू मारते, फ्लोराईड मऊ भाग कडक करतं, कीड बऱ्याचदा तिथेच थांबते, सहा महिन्यांनी परत एक हात मारावा लागतो. २०२१ मध्ये हे आणि ग्लास आयनोमर दोन्ही डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. एकच पण मोठी गोची आहे, लावलेली किडकी जागा कायमची काळी होते. कायमची म्हणजे कायमची. त्यामुळे आईला आधी फोटो दाखवून सांगायचं, ‘ताई, दाढ काळी दिसेल पण दुखणं वाढणार नाही, चालेल का?’ मागच्या दाढांना बहुतेक आया हो म्हणतात, पुढच्या दातांना नाही म्हणतात, विशेषतः मुलगी असेल तर, आणि तो त्यांचा हक्क आहे. न सांगता लावलं तर पुढच्या वेळी गावात कुणी तोंड उघडणार नाही. आणि ज्या दाढेत आधीच पू झालाय किंवा रात्री ठणकतंय तिथे हे लावून उपयोग नाही, नसेपर्यंत गेलेल्या कामाला हे औषध नाहीच.

तिसरी गोष्ट सहाव्या वर्षी येणारी दाढ. ही कायमची असते, पण ती दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते, कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं ही पण दुधाचीच, पडेल आणि नवीन येईल. नाही येत. पहिली-दुसरीतल्या पोरांच्या या दाढांवरच्या खाचा त्याच सिमेंटने बुजवून टाकल्या तर कीड बसायला जागाच कमी राहते. म्हणून मला विचाराल तर एका दिवसाच्या कॅम्पमध्ये मोठ्यांची लाईन निम्म्यावर थांबवून पहिली-दुसरीच्या वर्गात जाऊन बसावं. फोटो तेवढे भारी येत नाहीत, पण काम टिकतं.

फ्लोराईडचं बोलतोय तर आपल्याकडची एक भानगड. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त असतं, पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात, तिथे त्याच्या वर जातं आणि मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. मुंबईहून आलेला नवखा डॉक्टर त्यांना कीड समजू शकतो. तिथल्या लहान पोरांना पेस्ट भाताच्या शितापासून वाटाण्याएवढीच द्यायची आणि गिळायची नाही हे नीट समजवावं लागतं, पण पेस्टच बंद करा असं सांगणंही चूक. खरा उपाय पाण्याचाच आहे आणि तो ग्रामपंचायतीच्या दारात जातो, डेंटिस्टच्या हातात नाही.

आता तंबाखू. महाराष्ट्रात दाताचा कॅम्प म्हणजे अर्धा तंबाखूचाच कॅम्प. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातली साधारण दर चार मोठ्या माणसांमागे एक जण धूर न काढता, म्हणजे चघळून-लावून तंबाखू घेणारा निघाला. विदर्भात खर्रा, पन्नीत घोटून सुपारी-तंबाखू-चुना. पश्चिम महाराष्ट्रात मिश्री, तव्यावर भाजलेली तंबाखू, आणि ती बायका दात घासायला म्हणून लावतात, ‘आम्ही तंबाखू खात नाही हो, नुसती मिश्री लावतो’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे, टपरीवर जाऊन बघा. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं, साधी टेस्ट सांगते, स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का बघा, जात नसतील तर दाखवून घ्या. सुपारी सोडली तर ते वाढायचं थांबू शकतं, पण झालेला कडकपणा पूर्ण जात नाही.

भारतातल्या पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचाच आहे, आणि तो अशी गोष्ट आहे जी नुसत्या डोळ्यांनी आणि टॉर्चने लवकर दिसू शकते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला, जवळजवळ १ लाख ९० हजार लोक, आणि तोंड तपासणारे डॉक्टर नव्हते बरं का, ट्रेनिंग दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. २००५ मध्ये निकाल आला, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे कॅम्पला आलेल्या डेंटिस्टने दिवसभरात वीस दात काढण्याऐवजी चार आशाताईंना आणि आरोग्यसेविकेला पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम ओळखायला शिकवलं तर तो डॉक्टर गावातून गेल्यावरही बघणारे डोळे गावात राहतात. सरकारच्या कार्यक्रमातही तीस वर्षांवरच्या सगळ्यांची अशी तपासणी व्हायला पाहिजे असं आहेच, कागदावर आहे, शिकवणारा कुणीतरी लागतो.

आणि संशयास्पद चट्टा सापडला की नुसती चिठ्ठी देऊन ‘नागपूरला जा’ म्हणायचं नाही, ती चिठ्ठी हरवते. जायचं कुठे, कुणाला भेटायचं, कार्ड कुठलं न्यायचं, सोबत कोण येणार, हे सगळं त्याच दिवशी ठरवून एका माणसाकडे जबाबदारी द्यायची. भीतीने न जाणारे खूप असतात. बायोप्सी केली, म्हणजे तपासायला तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, वरचा दात काढला की डोळे जातात, दात साफ केले की हलायला लागतात, या तीन अफवांशी जेवढं भांडावं लागतं तेवढं किडीशीही लागत नाही.

अजून एक गोष्ट जी शहरातल्या डॉक्टरांच्या डोक्यात पटकन येत नाही, सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यात तो बराच आहे. सिकलसेलच्या पेशंटला इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, खूप ताण यातून त्रासाचा झटका येऊ शकतो, आणि उन्हात तीन तास उपाशी लाईनमध्ये उभं करून दात काढणं म्हणजे हे सगळं एकदम. म्हणून नाव लिहितानाच विचारायचं, सिकलसेलचं कार्ड आहे का, बीपी-शुगर, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, लहानपणी हृदयाचा काही आजार, दिवस गेलेत का. आणि सगळ्यांनाच सांगायचं की खाऊन या. दात काढायला उपाशी यायचं नसतं, लोक उलटं समजतात.

दात काढल्यावर कापूस पाऊण तास दाबून धरायचा आणि त्या दिवशी थुंकायचं, चूळ भरायची नाही, नाहीतर जखमेवरची रक्ताची गाठ निघून जाते आणि तिसऱ्या दिवशी मूळ दुखण्यापेक्षा जास्त दुखतं. खर्रा खाणाऱ्याला दिवसभर थुंकू नको म्हणणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. आणि तिसऱ्या दिवशी कॅम्प तर निघून गेलेला असतो! या एका कारणासाठी मी म्हणते की ज्या कॅम्पनंतर फोन उचलणारा कुणी नाही तिथे दात काढूच नयेत.

यातून जे लोक वर्षानुवर्षं नीट काम करतात त्यांच्यात एक साम्य दिसतं, ते नवीन गावं मोजत बसत नाहीत, त्याच गावात परत जातात. रेल्वेचं जीवनरेखा एक्सप्रेस बघा, १९९१ पासून चाललेलं हॉस्पिटल, तेही एका स्टेशनवर काही आठवडे थांबतं, सकाळी येऊन संध्याकाळी जात नाही. डेंटल कॉलेजच्या इंटर्नना कम्युनिटी पोस्टिंग असतंच, त्याच पोरांची बस दर तिसऱ्या महिन्याला त्याच चार गावांत गेली तर एसडीएफचा दुसरा हात लागतो, पडलेलं सिमेंट परत भरता येतं, आणि पोरांनाही कळतं आपलं काम टिकलं की नाही. काही ठिकाणी मात्र कॅम्प म्हणजे कॉलेजच्या ओपीडीत पेशंट भरायची गाडी असते, इन्स्पेक्शन आलं की कॅम्प वाढतात, इन्स्पेक्शन गेलं की गाडी बंद. लोकांना ते कळतं, ते काही वेडे नाहीत.

तुमच्या गावात किंवा मंडळात कुणी कॅम्प आणायचं म्हणत असेल तर मानपत्र छापायच्या आधी काही गोष्टी विचारून घ्या. ऑटोक्लेव्ह सोबत आणणार का आणि हत्यारांचे सेट किती. काम करणारे राज्य डेंटल कौन्सिलकडे रजिस्टर आहेत का, विद्यार्थी असतील तर डोक्यावर उभा कोण राहणार. दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं नाही तर फोन कुणाला. कचरा परत कोण नेणार. नावांच्या रजिस्टरची एक प्रत आशाताईकडे राहणार का. आणि परत कधी येणार, तारखेसकट. यातल्या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण गडबडतात, त्यांना चहा पाजून प्रेमाने सांगा की आधी तारीख ठरवू मग बॅनर लावू.

तारीख धरताना शेतीचं बघा. सोयाबीन कापणीला किंवा कापूस वेचणीला कुणी येणार नाही, गडचिरोलीकडे मोहाच्या आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांत तर गावात फक्त म्हातारी माणसं भेटतात. शाळा चालू असलेला दिवस पाहिजे कारण पोरं तिथेच सापडतात, आणि शक्यतो आठवडी बाजार असेल तर अजून बरं, लोक तसेही येणार असतात, फक्त मग टेबल बाजाराच्या तोंडाशी लावा, ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर नको, गुडघे दुखणाऱ्या आज्या तिथपर्यंत चढत नाहीत.